माशांच्या उत्क्रांतीचा कासवाशी काय संबंध?

फेब्रुवारी लागला की वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवरून कासवाच्या पिल्लांचे फोटो मुंबईकरांच्या मोबाइलवर यायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग एक जुना वादही येतो. यंदा तो दादरमधल्या एका व्याख्यानानंतर ऐकला. वक्ते सागरी जीवशास्त्रज्ञ होते. त्यांचं अर्धं आयुष्य माशांच्या उत्क्रांतीत गेलं आणि उरलेलं कासवं आणि समुद्री साप वाचवण्यात. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, ‘कासवं डोळ्यांदेखत मरतायत आणि तुम्ही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशांची वंशावळ शोधताय. तोच पैसा कासवांची अंडी जपणाऱ्या हॅचरीला का देत नाही?’ टाळ्या पडल्या. मग दुसरी बाजू उठली. ज्ञानाला उपयोग विचारणं हाच मुळात असंस्कृतपणा आहे, असं तिचं म्हणणं. त्यालाही टाळ्या पडल्या. हीच दोन वाक्यं कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीच्या बैठकांत, महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आणि निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर आलटून पालटून ऐकू येतात. वाद मात्र पुढे सरकत नाही.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, पण पहिली अधिक धोक्याची. पैसा लोकांचा असेल तर उपयोग जरूर विचारावा, खडसावून विचारावा. तसा तो विचारला तर उत्तर मिळतं ते असं: एखाद्या प्राण्याची घडण कशी झाली हे न समजता त्याला वाचवायला गेलं, तर त्याच प्राण्याचं नुकसान होऊ शकतं आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. हे आधीच घडून गेलेलं आहे. म्हणून ‘संशोधन की संवर्धन’ या प्रश्नाची मांडणीच मला मान्य नाही.

आधी विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 मध्ये वेळासला काम सुरू केलं, तेव्हा कोकणात कासवाची अंडी सर्रास काढून नेली जात होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच लोकांना हाताशी धरलं. पहाटे किनारा पालथा घालायचा, पावलांच्या खुणांवरून घरटं शोधायचं, कुत्री, कोल्हे आणि भरतीपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणाच्या आत हलवायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. यात उत्क्रांतीशास्त्राचा संबंध कुठे आला? अंडी वाचवायला वंशवृक्ष माहीत असावा लागत नाही. कासवमित्रांची चिकाटी आणि गावाची संमती यांनी जे साधलं ते कुठल्याही शोधनिबंधाने साधलं नसतं. हे मी पूर्णपणे मान्य करतो. शिवाय, उत्क्रांतीवरचं बरंचसं संशोधन नियतकालिकांत पडून राहतं आणि त्यातून एकही प्राणी वाचत नाही, हेही खरं आहे. धोक्यात आलेल्या जातीपाशी थांबायला वेळ नसतो, हे तर खरंच.

पण हॅचरीच्या कुंपणावर लागणारा फलक आठवून पाहा. घरटी किती, अंडी किती, पिल्लं किती सोडली, एवढे आकडे त्यावर असतात. त्यातले नर किती आणि माद्या किती, हा आकडा नसतो. तो असूही शकत नाही, कारण नुकत्याच निघालेल्या पिल्लाकडे बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. आणि सगळ्या वादाची मेख इथेच आहे.

1966 मध्ये सेनेगलमधल्या डाकारला मादलेन शार्निए या संशोधिकेने सरड्याच्या एका जातीवर एक साधं निरीक्षण नोंदवलं. अंडी कोणत्या तापमानाला उबवली यावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरत होतं. त्या सरड्याला ना बाजारभाव होता, ना तो नामशेष होत होता. आजच्या सीएसआर समितीसमोर हा प्रकल्प पाच मिनिटंही टिकला नसता. पुढच्या दशकात कासवांतही असंच घडतं हे दिसून आलं, फक्त उलट्या दिशेने: शार्निएच्या सरड्यात जास्त तापमानाला नर निघतात, समुद्री कासवांत माद्या. मगरींत तर मधल्या एका अरुंद टप्प्यात नर आणि त्याच्या खाली-वर दोन्हीकडे माद्या असा तिसराच प्रकार आहे. आपल्या पवई तलावातल्या मगरीही त्याच घराण्यातल्या. म्हणजे एका सरपटणाऱ्या प्राण्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, प्रत्येक शाखा वेगळी तपासावी लागते. सरडा, कासव आणि मगर यांना आपण शाळेत एकाच रांगेत बसवलं, पण जनुकीय अभ्यास सांगतो की कासवाचे जवळचे नातेवाईक सरडे नसून मगरी आणि पक्षी आहेत.

आता याच काळात संवर्धनाच्या मैदानात काय चाललं होतं ते पाहा. मेक्सिकोच्या रांचो नुएवो किनाऱ्यावरचं केम्प्स रिडले हे कासव म्हणजे कोकणात अंडी घालणाऱ्या आपल्या ऑलिव्ह रिडलेचं सख्खं भावंड. 1947 मध्ये तिथे चित्रित झालेल्या एका फिल्मवरून एका दिवसात सुमारे 40,000 माद्या किनाऱ्यावर आल्याचा अंदाज केला गेला. 1985 पर्यंत वर्षभरात मिळून जेमतेम 700 घरटी उरली. ही जात वाचवायला 1978 पासून अंडी टेक्सासला नेऊन थर्माकोलच्या पेट्यांत उबवली गेली, पिल्लं महिनोन्‌महिने टाक्यांत वाढवून मग समुद्रात सोडली गेली. मेहनत अफाट होती आणि हेतूत खोट नव्हती. पण पेट्यांतली वाळू किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा थंड राहत होती. नंतर तपासलं तेव्हा सुरुवातीच्या काही वर्षांत नरांचं प्रमाण जास्त आढळलं. ज्या जातीला अंडी घालणाऱ्या माद्यांची निकड होती, तिच्यासाठी माणसं जीव तोडून नर तयार करत होती. 1980 मध्ये म्रोसोव्स्की आणि यंटेमा या दोन संशोधकांनी संवर्धनाच्या अशा पद्धतींबद्दल स्पष्ट इशारा दिला आणि पुढे तापमान वाढवल्यावर माद्यांचं प्रमाण वाढलं. त्या इशाऱ्याच्या मुळाशी बिनउपयोगी ठरवता आला असता असा तो सरडा होता. आज मितीला उलटी भीती आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या लहान पिढीत 99 टक्के माद्या आढळल्या, कारण तिथली वाळू तापली आहे. मग कोकणात फेब्रुवारीत घातलेलं घरटं आणि एप्रिलच्या उन्हात उबणारं घरटं यांतून सारखीच पिल्लं निघतात, असं आपण कशाच्या आधारावर गृहीत धरतो?

‘ठीक, पण हे कासवांचं संशोधन झालं, मासे कशाला?’ असा प्रश्न आता येईल. कारण ‘नर की मादी’ हे कोडं निसर्गाने सगळ्यात जास्त वेगवेगळ्या रीतींनी सोडवलं आहे ते माशांत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या निम्म्याहून अधिक जाती मासे आहेत. कुठे गुणसूत्रं लिंग ठरवतात, कुठे तापमान, आणि कुठे मासा आयुष्याच्या मध्यावर लिंग बदलतो. रायगडच्या खाड्यांत आणि तळ्यांत मिळणारा जिताडा घ्या, ज्याच्या नावाने अलिबागकडची माणसं हळवी होतात. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक वेळा मादीच असते. हेकरूच्या कुळात नेमकं उलटं: आधी मादी, मग नर.

2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली. लहान मासे मारू नका, हे त्यामागचं तत्त्व योग्य आहे आणि त्याला माझा पाठिंबा आहे. मात्र लिंग बदलणाऱ्या माशाला एकटी किमान मर्यादा पुरेल का? जिताड्याच्या बाबतीत किमान लांबी तरुण नरांना संरक्षण देते आणि सगळा भार मोठ्या माद्यांवर टाकते. अशा जातींना किमान लांबीबरोबर कमाल लांबीचीही मर्यादा लागते. हे कोणी सांगायचं? ज्याने त्या वंशात लिंगबदल कसा आला याचा अभ्यास केला, तोच सांगू शकतो. दादरच्या सभेत ज्यांना वक्त्याचे दोन विषय एकमेकांना परके वाटले, त्यांनी हे लक्षात घ्यावं की प्रश्न एकच होता, प्राणी दोन होते.

या सगळ्यामागे एक गैरसमज दडलेला आहे: उत्क्रांती म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, दगडातल्या सांगाड्यांची. अमेरिकेतल्या डेव्हिड कोनोव्हर यांची कामगिरी इथे पाहण्यासारखी आहे. 1981 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह सिल्व्हरसाइड नावाच्या बोटभर माशात तापमानाने लिंग ठरतं हे दाखवलं. त्याच माशावर पुढे त्यांनी दुसरा प्रयोग केला. काही टाक्यांमधून दर पिढीला मोठे मासे काढून घेतले, काहींमधून लहान. 2002 मध्ये आलेला निष्कर्ष असा की मोठे काढलेल्या टाक्यांत चार पिढ्यांतच मासे लहान होत गेले आणि पकडीचं वजनही घसरलं. जाळं हीच निवड करणारी शक्ती झाली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये 1992 ला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या वर लोकांचं काम गेलं. नंतर जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की कोसळण्याआधीच्या वर्षांत कॉड लवकर, लहान आकारात वयात येऊ लागले होते. इशारा माशांच्या अंगावर लिहिलेला होता, वाचणारा कोणी नव्हता. ससून डॉकवर पहाटे पापलेटचा वाटा पाहताना ‘पूर्वी एवढे लहान नसायचे’ असं मावशी म्हणतात. त्यातलं किती मोठे मासे संपल्यामुळे आणि किती माशाची जातच बदलू लागल्यामुळे? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात मासेमारी काही काळ आवरली की साठा भरून येतो, दुसऱ्यात गेलेला आकार परत यायला अनेक पिढ्या लागू शकतात. मासेमारी बंदी किती दिवसांची असावी यावर दर वर्षी भांडणाऱ्यांपैकी कुणी हा प्रश्न विचारताना मी ऐकलेलं नाही.

पापलेटवरून आणखी एक गोष्ट. 2023 मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा केलं. दशकानुदशकं आपण त्याला पॅम्पस अर्जेंटियस या शास्त्रीय नावाने ओळखत होतो. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी दाखवलं की भारताच्या किनाऱ्यावरचं पापलेट ही वेगळी जात आहे, पॅम्पस कॅन्डिडस. हे वाचून वैतागणारे भेटतात: नावं दर दहा वर्षांनी बदलणार असतील तर कायदा कशावर करायचा? आक्षेप बरोबर आहे आणि तो शास्त्रज्ञांनी झटकून टाकू नये. न्यूझीलंडमधल्या तुआताराचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. सरड्यासारखा दिसणारा हा प्राणी सरडा नाही, त्याची शाखाच वेगळी आहे, हे 1867 मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी ओळखलं. गुंथर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये माशांची बहुखंडी सूची करत होते. मासे आणि सरपटणारे प्राणी दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर असणं तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं. न्यूझीलंडने 1895 पासून तुआताराला संरक्षण दिलं, पण एकच जात समजून. 1990 मध्ये जनुकीय पुराव्यावरून मांडलं गेलं की एका छोट्या बेटावरचे तुआतारा वेगळ्या जातीचे आहेत, आणि ही वर्गवारी दुर्लक्षिली गेल्यामुळे त्यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. मग 2010 मध्ये अधिक पुरावा आला आणि जात पुन्हा एकच धरली गेली. म्हणजे वीस वर्षांत मत दोनदा फिरलं. पण या घोळाने त्या बेटावरच्या प्राण्यांचं काय बिघडलं? त्यांची वेगळी दखल घेतली गेली, त्यांना इतर बेटांवरही नेऊन वसवलं गेलं. चुकीच्या नावाखाली थोडी जास्त काळजी घेतली गेली तर ती मागे घेता येते. पण दोन जातींना एक समजून त्यातली एक गमावली तर? आपण वयात येण्याची लांबी दुसऱ्याच समुद्रातल्या दुसऱ्याच जातीवरून उसनी घेतली असेल, तर राज्य माशाचा नियम कितपत त्याचा आहे, हे विचारायलाच हवं.

समुद्री सापांकडे मी मुद्दाम येतो, कारण कासवांसारखा त्यांचा महोत्सव भरत नाही. कासव किनाऱ्यावर येतं, अंडी घालतं, म्हणून माणसाला दिसतं आणि आवडतं. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक समुद्री साप जमिनीवर येतच नाहीत. ते समुद्रातच थेट पिल्लांना जन्म देतात. नागाच्या कुळातले हे साप पाण्यात गेले आणि काही दशलक्ष वर्षांत झपाट्याने अनेक जातींत विभागले. श्वास मात्र हवेतच घ्यावा लागतो, त्यामुळे ट्रॉलरच्या जाळ्यात तासन्‌तास अडकले की बुडून मरतात. त्यांच्यासाठी हॅचरी कुठे बांधणार? ज्या पद्धतीने कासव वाचलं, तिचा सापाला शून्य उपयोग आहे आणि त्याचं कारण त्याच्या वंशाच्या इतिहासात आहे. ‘सगळा पैसा हॅचरीला’ म्हणणाऱ्याने नकळत ठरवून टाकलेलं असतं की अंडी न घालणाऱ्यांनी मरावं.

मुंबईच्या खाड्यांतली निवटी हा असाच दुसरा दुर्लक्षित जीव. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा हा मासा आपला पूर्वज असल्याचं अनेक जण सांगतात. ते खरं नाही. चार पायांच्या प्राण्यांची शाखा सुमारे सदतीस कोटी वर्षांपूर्वी वेगळ्याच माशांतून निघाली आणि निवटी स्वतंत्रपणे, फार उशिरा जमिनीकडे वळली. ओली कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांतून ती हवेतला प्राणवायू घेते, चिखलातल्या बिळात राहते, अंडीही तिथेच. त्यामुळे तिला झाडांइतकाच उघडा, ओला चिखल लागतो. आपण कांदळवन वाचवतो तेव्हा झाडं मोजतो, कारण झाडं उपग्रहाच्या छायाचित्रात हिरवी दिसतात. चिखल मोकळी जागा वाटतो आणि तिथे डेब्रिज टाकलं जातं. निवटी कशी घडली हे ज्याला कळलं, त्याला तो चिखल कधीच मोकळा दिसणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ म्हणणारे शास्त्रज्ञ हे सगळं मराठीत सांगत नाहीत. वर्सोव्यात 1961 पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि वर्सोव्यातच कोळीवाडाही आहे. या दोन पत्त्यांमधलं अंतर पायी तोडता येतं, पण संशोधन ते क्वचित तोडतं. बोट चालवणाऱ्या तांडेलाला कुठल्या महिन्यात, किती वाव खोलीवर, कुठला मासा गाभोळीने भरलेला असतो हे ठाऊक असतं. ते कुणी लिहून घेतलं तर माशांच्या प्रजननाचा अर्धा नकाशा तयार होईल. कोळी आणि कासव यांना एकमेकांसमोर उभं करणारा युक्तिवाद तर मला संताप आणतो. डिसेंबर 2018 मध्ये राज्याने योजना आणली की जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. त्यानंतर मच्छीमारांनी कासवंही सोडली आणि बहिरी मासाही, म्हणजे व्हेल शार्क. भरपाई दिली की विरोध विरघळतो. आणि अशा प्रत्येक सुटकेची जागा, वेळ, आकार नोंदवला तर तोच संशोधनाचा कच्चा माल.

अशा नोंदीतून काय हाती लागतं, हे गुहागरने दाखवलं. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, असा समज होता. त्याआधी 2023 मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. दोन्ही किनाऱ्यांवरचे गट किती मिसळतात हे कळल्याशिवाय महाराष्ट्राची कासवं हा वेगळा, छोटा, नाजूक गट धरायचा की मोठ्या गटाची कड, हे ठरत नाही. आणि ते ठरलं नाही तर पैसा किनाऱ्यावर घालायचा की समुद्रातल्या वाटेवर, हेही ठरत नाही. ही वंशाची आणि गटांची चौकशी आहे. दादरच्या गृहस्थांना जी चैन वाटली, तीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोकणातल्या प्रत्येक हॅचरीत अंड्यांच्या पातळीला वाळूचं तापमान नोंदणारं उपकरण बसवावं आणि पिल्लांच्या आकड्याशेजारी तो आकडाही फलकावर लावावा. किमान लांबीच्या यादीतल्या 54 जातींपैकी कोणत्या लिंग बदलतात हे तपासून त्यांच्यासाठी कमाल लांबीचा विचार व्हावा. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माशांची लांबी, लिंग आणि ऊतींचे नमुने दर हंगामात जपून ठेवावेत, म्हणजे वीस वर्षांनी कुणी पापलेट बदललं का असं विचारलं तर उत्तर देता येईल. आणि निधीचे अर्ज तपासणाऱ्या समित्यांनी ‘संशोधन’ आणि ‘संवर्धन’ असे दोन वेगळे रकाने ठेवणं बंद करावं. हॅचरीला पैसे देताना तापमानाच्या नोंदीचे पैसे त्याच अर्जात मंजूर करावेत.